उंबरवाडीचा रेडिओ आणि सोनखडीचा नकाशा

कोणी देवाला जातो, कोणी हवापालटाला, कोणी भाचीला स्थळ बघायला. मी मावळात गेलो तो निव्वळ जळफळाटापोटी. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुठे मी तिकडच्या डोंगरांना नावे ठेवली, तर त्यात डोंगरांचा काही दोष नाही हे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील.

त्याचे असे झाले. लढाईच्या दिवसांत सरकारने खेड्यापाड्यांतून रेडिओ बसवायचे ठरवले. यंत्र सरकारचे, दुरुस्ती सरकारची. गावाने फक्त जागा द्यायची आणि ऐकायचे. त्यासाठी अर्ज मागवले होते. आमचे सोनखडी शिरूर तालुक्याच्या कोरड्या अंगाला आहे. पाऊस तिथे वाट चुकला तरच येतो, आणि बातमी त्याच्याही मागून. चार इयत्तांची शाळा मी एकटा चालवतो, त्यामुळे गावातले अर्ज, मृत्युपत्रे आणि लग्नपत्रिका सगळ्या माझ्याच हातच्या. अर्जासोबत गावाचा नकाशा जोडायचा होता. तो मी दोन रंगांच्या शाईत काढला. मारुतीचे देऊळ लाल, ओढा निळा, वेशीला दोन बुरूज, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. त्या बाणाला पिसेसुद्धा. रेडिओ कुठे ठेवणार, तर मारुतीच्या सभामंडपात, म्हणून तिथे एक चांदणी. आमचे पाटील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, तो कागद लांब धरून बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ह्ये तर गावापेक्षा चांगलं झालंय."

अर्ज नामंजूर झाला. कारण दिले नव्हते. पुन्हा एकदा, शेवटचा, अर्ज करता येईल एवढेच कळवले होते. आणि त्याच आठवड्यात गराडेचे पत्र आले, की त्यांच्या उंबरवाडीला पावसाळ्यातच रेडिओ बसला!

हा विठ्ठल गराडे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षे माझ्या शेजारच्या बाकावर होता. अंकगणितात मी पहिला, तो दुसरा. हस्ताक्षरात मी पहिला, आणि तो कितवा हे सांगण्यात अर्थ नाही. ओल्या शेणावरून कोंबडी चालत गेली की उमटते तसले त्याचे अक्षर. त्या अक्षरात लिहिलेला अर्ज मंजूर आणि माझा नामंजूर! दोन दिवस मला जेवण गेले नाही. बायको म्हणाली, "असे धुमसत बसण्यापेक्षा जाऊन बघून तरी या." तात्यांचेही तेच मत पडले. ते म्हणाले, "मास्तर, त्यांनी वर कुनाचा हात धरलाय, त्येवडं काढून आना. ह्या खेपंला गेला तर परत न्हाई मिळायचा."

तेव्हा नाताळच्या सुटीत मी निघालो.

सोमाटणे

पुण्याहून सर्व्हिस मोटारीत बसलो. पेट्रोल लढाईवर गेलेले, म्हणून या मोटारीच्या पाठीला कोळशाची एक उभी भट्टी बांधलेली होती आणि तिच्या धुरावर ती चालत होती. चालत होती म्हणजे सपाटीला. चढ आला की ड्रायव्हर खाली उतरून भट्टीत सळई घालून ढोसायचा आणि आम्ही सगळे उतरून मोटार ढकलायचो. सोमाटण्याला तिने कायमचेच हात टेकले. भाडे भरून मोटार ढकलण्याचा योग माझ्या पत्रिकेत होता असे म्हणायचे. तोंड आणि टोपी दोन्ही काळी करून मी तळेगावच्या रस्त्याला पायी लागलो.

पायी निघालो म्हणून मावळ नीट दिसले, आणि दिसले तसा जीव जास्तच जळला. भाताची कापणी होऊन गेलेली, तरी खाचरांतून ओल होती. डिसेंबरात ओल! आमच्याकडे या दिवसांत जमिनीला अशा भेगा पडतात की पडलेली चवली सापडत नाही. इथे कडेच्या चरातून पाणी आपले वाहत होते, कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. पलीकडून विजेवरची आगगाडी गेली. धूर नाही, भकभक नाही, नुसती सरकन गेली. आमच्या शाळेतल्या मुलांना साधी आगगाडी दाखवायची तर दौंडपर्यंत सहल काढावी लागते. इथली म्हैस चरताना मानही वर करीत नव्हती. त्या म्हशीचासुद्धा मला हेवा वाटला, हे लिहायला आता लाज वाटते, पण वाटला.

उंबरवाडी

गराडे मला इंदुरीला घ्यायला आला होता. गढीच्या दरवाज्याशी एका दगडावर बसून पेरू खात होता. बारा वर्षांत अंगाने भरला होता. मी मात्र होतो तिथून आणखी वाळलो होतो. मला बघून तो हसला आणि म्हणाला, "अरे, तू कोळशाच्या खाणीत नोकरीला लागलास काय?" पहिल्याच वाक्याला त्याने मला हरवले. नदीवर तोंड धुतले आणि काठाकाठाने चालत आम्ही उंबरवाडीला पोचलो. साठेक उंबरे, कौलारू आणि गवती घरे मिसळून, मागे डोंगर, पुढे इंद्रायणी. गावाला वेस नाही, तटबंदी नाही, घरे वाटेल तशी सांडलेली. आमचे सोनखडी कसे आखीव आहे, हे मी त्याला चालता चालता दोनदा सांगितले.

जेवायला वहिनींनी आंबेमोहोराचा भात केला होता. शिजत असतानाच वास अंगणात आला. वर पावट्याची आमटी, तांदळाचीच भाकरी, आणि लसणीची चटणी. आमच्याकडे भात म्हणजे सणाला, नाहीतर आजाऱ्याला. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हितं भातच पिकतो हो, आमचं कौतुक न्हाई त्यात. तुमच्याकडची बाजरी यांना लय आवडती. दोन शेर आनली असती तर?" मी आणली नव्हती. हेवा करायला निघालेला माणूस भेट कशाला आणील?

हात धुताना मी सरळच विचारले, "खरं सांग गराडे, वर कुणाला भेटलास?"

"कशासाठी?"

"रेडिओसाठी."

"कुणाला नाही. अर्ज केला, मिळाला." तो हे इतक्या सहज बोलला की मला ते मुळीच खरे वाटले नाही.

होडीची शेड

रेडिओ सहाला लागतो, म्हणून गराडे पाऊण तास आधीच मला घेऊन गेला. मी देवळाकडे वळलो, तर तो म्हणाला, "तिकडे नाही, नदीवर."

नदीकाठाला पत्र्याची एक शेड होती. पावसाळ्यात पलीकडे जायला होडी लागते. तिची वाट बघत माणसांनी भिजू नये म्हणून लोकल बोर्डाने ती कधीतरी बांधलेली. चार खांब, वर पत्रे, भिंत एकाच बाजूला. त्या भिंतीला खुंट्या ठोकून एक लाकडी कपाट बसवले होते, त्याला भले मोठे पितळी कुलूप. कपाटावर हळदकुंकू आणि झेंडूचे एक सुकलेले फूल. वरून एक तार निघून दोन उंच बांबूंवर ताणलेली. कपाटाच्या तोंडाशी भोंगा.

"किल्ली कुठाय?" मी विचारले.

"साहेबाजवळ. आत घड्याळ आहे, वेळ झाली की आपोआप सुरू, वेळ झाली की बंद. आवाज कमीजास्त करायचा खुंटाही आतच. आपण फक्त ऐकायचे."

एवढे अविश्वासाने दिलेले यंत्र! मला अंमळ बरे वाटले. आमच्या सभामंडपात असे कुलूप लागले असते तर तात्यांनी त्या साहेबाला गावात उभे केले नसते.

माणसे यायला लागली. उंबरवाडीचे पाटील म्हणजे आबा, सत्तरीचे, अंगावर घोंगडी, हातात चंची. ते खांबाला टेकून बसले. त्यांच्या मागून पंधरावीस बाप्ये, मग बायका भिंतीच्या बाजूला. मग खालच्या अंगाने आणखी काही माणसे आली आणि त्यांच्यात मिसळून बसली. नदीपलीकडून पाण्यात उतरून चारपाच ठाकर आले, पिंडऱ्या पुसत तेही बसले. मी शेडच्या बाहेर, शाळामास्तरला शोभेल अशा अंतरावर उभा राहिलो.

आत खट्ट असे वाजले आणि भोंग्यातून आवाज आला. आवाज कसला, माजघरात कुणी कुजबुजावे तेवढा. मला एक अक्षर कळेना.

"एवढ्यासाठी एवढा गाजावाजा?" मी गराडेला म्हटले. मनातून मी खूष झालो होतो.

"बॅटरी उतरलीय," तो म्हणाला. "उद्या लॉरी येते बदलायला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असेच. ऐकायचे तर पुढे हो."

मी पुढे झालो, कारण सगळेच पुढे होत होते. आबा खांब सोडून पुढे सरकले. खालच्या अंगाची माणसे पुढे सरकली. बायका भिंत सोडून आल्या. बाजारभाव झाले, भाताच्या तुसाचे काय करावे यावर कुणी बोलले, एक अभंग झाला. प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी खाली जायचा आणि माणसे थोडी आणखी जवळ यायची. शेवटी असे झाले की भोंग्यासमोर डोक्यांचा एक घोळका, गुडघ्याला गुडघा, आणि आबांचा हात आपसूक शेजारच्या माणसाच्या खांद्यावर टेकलेला. तो शेजारचा काळा, उंच, पागोट्याऐवजी फडके गुंडाळलेला गडी होता. मग बातम्या लागल्या. मागे कुणीतरी खोकले, बायकांत काही बोलणे निघाले, तशी आबांनी मान वळवून दम भरला, "ये, गप बसा रं! धोंडूची बातमी लागली."

सगळी शेड गप झाली. मीसुद्धा श्वास धरला. कुठल्या वाळवंटात कुठली पलटण किती पुढे गेली असे काहीतरी चालले होते. तो फडकेवाला गडी डोळे मिटून ऐकत होता. बातम्या संपल्या तसे आबांनी विचारले, "काय रं धोंडू? तुझ्या भावाची पलटन निगाली का त्यात?"

"न्हाई आबा. आज नाव न्हाई घेतलं."

"न्हाई घेतलं त्येच बरं. उद्या बघू."

आत खट्ट वाजले. माणसे उठली. वाटेत मी गराडेला हळूच विचारले, "हा धोंडू कोण?"

"महारवाड्यातला. त्याचा भाऊ पलटणीत आहे. बातम्यांना आमच्याकडे आता धोंडूची बातमीच म्हणतात."

मला पुन्हा हेवा वाटला. रेडिओचा हेवा मला ठाऊक होता, तो मी घरून बरोबर घेऊनच निघालो होतो. हा निराळाच होता आणि याला काय म्हणावे ते मला कळेना.

आबा आमच्याबरोबर चालत होते. मी त्यांना म्हटले, "आबा, आधीपासून असेच बसता?"

"आधीपासनं?" आबा हसले. "आवो मास्तर, आमी काय संत हाय? आमाला बी देवळातच पायजे व्हता. पर साहेब म्हनला, जिथं कुनाला आडवता येत न्हाई अशी जागा दाखवा, न्हाईतर बसा तसंच. तशी जागा गावात येकच, ही शेड. बोर्डाची हाय, आन पुराच्या वक्ताला हितं समदेच आडकतात. बसवला. पयला महिना अर्धा गाव आलाच न्हाई. मी बी न्हाई आलो! घरी बसून दात खात व्हतो. आले ते बी आसे, आमी हिकडं, त्ये तिकडं, मधनं बैलगाडी जाईल येवडी जागा. आन मग बॅटरी उतरली."

"मग?"

"मग काय? ऐकू येईना! विटाळ सांभाळावा का बातमी ऐकावी? सरकलो." त्यांनी चंची सोडली आणि सुपारी कातरली. "आता उद्या नवी बॅटरी बसंल, तुमी बघा, परत जरा पसरत्यात मानसं. आवाज मोठा झाला की पसरत्यात. पर आता बैलगाडीयेवडी जागा ऱ्हात न्हाई. गाढव जाईल येवडी ऱ्हाती."

लोणावळे

दुसऱ्या दिवशी लॉरी आली. पुढे रेडिओचा इन्स्पेक्टर, म्हणजे तो किल्लीवाला साहेब, खाकी पँटीतला, माझ्याहून वयाने लहान माणूस. त्याने कुलूप उघडले, उतरलेली बॅटरी काढली, भरलेली बसवली, घड्याळाला किल्ली दिली आणि कुलूप लावले. गावांच्या अर्जांची सगळी दफ्तरे लोणावळ्याला त्याच्या खोलीत आहेत असे कळताच मी लॉरीत जागा मागितली. तो भला होता. म्हणाला, "मागे बॅटऱ्यांशेजारी बसावे लागेल, मास्तर. जरा जपून."

जपून म्हणजे काय ते कामशेतच्या पुढे कळले. बॅटरीत तेजाब असते, आणि लॉरीला हिसका बसला की ते हिंदकळते. लोणावळ्याला उतरलो तेव्हा माझ्या नव्या धोतराला मांडीवर तीन भोके पडली होती आणि चौथे माझ्यासमक्ष पडत होते. कोट पुढे ओढून मी ते झाकले आणि उरलेला दिवस पोट दुखणाऱ्या माणसासारखा वाकून चाललो.

बॅटऱ्या भरायची खोली स्टेशनच्या अंगाला होती. दाराशी टांगलेला विजेचा दिवा भर दुपारी जळत होता, आणि तो बंद करावा असे कुणालाही वाटत नव्हते. आमच्या घरी कंदिलाची वात दोन धडे तपासून झाले की खाली करावी लागते. साहेब बॅटऱ्या जोडून जेवायला गेले; मला तासभर होता, म्हणून धरणाच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. वर बंगले, त्यांना मुंबईच्या मालकांची नावे, दारे बंद, फाटकाला माळी. तळे मात्र भरलेले, डोंगर त्यात उतरून बसलेले. एवढ्या पाण्याची वीज होते आणि ती तारांवरून घाट उतरून मुंबईच्या गिरण्यांना जाते, हे मी मुलांना भूगोलात शिकवतो. आबा आदल्या दिवशी म्हणाले होते, "पानी आमचं, वीज मुंबईची, आन आमाला ती डब्यात भरून पाठवत्यात." तेव्हा मला वाटले होते, डब्यात का होईना, तुम्हाला मिळते तरी! आमच्या सोनखडीकडे पाणीही नाही, वीजही नाही, आणि डबाही येणार नाही. तळ्याच्या काठावर उभे राहून त्या बांधाचा, त्या बंगल्यांचा, त्या माळ्याचासुद्धा मी मनसोक्त हेवा केला. नंतर बायकोसाठी गुडदाणी घेतली आणि परतलो.

साहेब आले होते. गावाचे नाव सांगताच त्यांचा चेहरा खुलला. "सोनखडी? म्हणजे तो रंगीत नकाशा तुमचा? अहो, माझ्याकडे आलेला सर्वांत सुंदर नकाशा तो. बाणाला पिसे आहेत तोच ना?"

मी वाकलेला होतो, तो ताठ झालो. "मग नामंजूर का केलात?"

त्यांनी दोन दफ्तरे सोडली आणि दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक माझा. दुसरा गराडेचा, पेन्सिलीचा, खाडाखोड केलेला, एका कोपऱ्याला आमटीचा डाग. ओढा कुठला आणि रस्ता कुठला हेही कळत नव्हते. घरांच्या जागी नुसते ठिपके. मला हसू आवरेना.

"हसा," साहेब म्हणाले, "पण यात किती ठिपके आहेत बघा. ठाकरवाडी आहे, नदीपलीकडे. महारवाडा आहे. मांगांची दोन घरे आहेत. प्रत्येक ठिपक्यापासून शेडपर्यंत किती पावले, ते त्यांनी चालून लिहिले आहे. आता तुमचा बघू. यात महारवाडा कुठे आहे?"

"तो इथे नाही," मी म्हणालो. "तो गावाच्या बाहेर आहे. वेशीपलीकडे."

हे मी अगदी सहज बोललो. दोन आणि दोन चार म्हणावे तसे. साहेब माझ्याकडे बघत राहिले, आणि माझे वाक्य मलाच पुन्हा ऐकू आले. माझा नकाशा वेशीच्या बुरुजांशी संपत होता. बुरूज मी विटा मोजून काढले होते. त्यांच्या पलीकडे कागद कोरा होता. मी लपवले असते तर निदान लबाडी केली असे तरी म्हणता आले असते. मला ती घरे आठवलीच नव्हती.

साहेब म्हणाले, "पहिल्यांदा आम्ही पाटील म्हणतील तिथे यंत्रे बसवली. देवळात, वाड्यात, चावडीत. वर्षाने बघितले तर प्रत्येक गावात तीच दहा माणसे ऐकत होती. मग नियम झाला, की गावची प्रत्येक वस्ती ऐकण्याच्या टप्प्यात हवी आणि जागा कुणालाही बंद नसलेली हवी. सरकारला फार पुळका आला असे समजू नका. लढाईच्या बातम्या सगळ्यांच्या कानी पडाव्यात, एवढेच वरच्यांच्या मनात असेल. पण नियम झाला आहे, आणि मी तो पाळतो." त्यांनी माझा नकाशा घडी घालून मला परत दिला. "पुढल्या महिनाअखेरपर्यंत नवा काढून पाठवा. पाटलांची सही लागेल. मला तुमच्या गावाला यंत्र द्यायला आवडेल, खरेच."

गराडेने वर कुणाचा हात धरला, याचे उत्तर मला मिळाले होते. तो नुसता पायाने चालला होता.

सोनखडी

परत आल्यावर मी पहिल्यांदा महारवाड्यात गेलो. सोनखडीला मला अकरा वर्षे झाली होती. शाळेपासून तिथपर्यंत दोनशे चाळीस पावले भरली. मला बघून माणसे उठून उभी राहिली, काहीतरी वाईट घडले असावे असेच त्यांना वाटले. मी घरे मोजली, ठिपके काढले आणि रेडिओचे सांगितले. भागूबाई नावाची एक म्हातारी चुलीपुढून उठून आली आणि तिने दोनदा विचारले, "आमी बी बसायचं? बसून ऐकायचं?" मी दोनदा हो म्हणालो.

जागेचाही मी विचार केला होता. ओढ्यावर बोर्डाची धर्मशाळा पडून होती, ती. रविवारी देवळात माणसे जमली, मी नवा नकाशा पसरला आणि सगळे सांगितले. आबांचे सांगितले, धोंडूचे सांगितले, बॅटरी उतरल्याचेही सांगितले. कुणी हसले नाही. तात्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि खाली ठेवला.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "तुमचा पयला नकाशा लय चांगला व्हता."

"तो पुरा नव्हता, तात्या."

"आमाला पुरा व्हता." त्यांनी सभोवार पाहिले. कुणी मान वर केली नाही. "नगं आपल्याला त्यो रेडिओ. आजवर काय आडलं व्हतं?"

सही झाली नाही. मुदत गेली. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, आणि गराडे असता तर निघाला असता, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी मी त्याचा जेवढा हेवा केला तेवढा उंबरवाडीतही केला नव्हता.

महारवाड्याला सांगायला जाणे मला भाग होते. भागूबाई दारातच भेटली. मी म्हणालो, "रेडिओ येणार नाही, भागूबाई. गावाला नको आहे."

"आमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. तिला वाईट वाटलेलेही दिसले नाही. "ऱ्हाऊ द्या त्यो. लांबचा आवाज न्हाई आला तर न्हाई. पर मास्तर, आमची दोन पोरं तुमच्या साळंच्या ओट्यावर बसत्यात. आत तुमी शिकवता त्ये त्यांना ऐकाया येतं का, येवडं तरी येकदा बघा."

दुसऱ्या दिवशी मी आतल्या एका मुलाला धडा वाचायला उभे केले आणि बाहेर जाऊन ओट्यावर, त्या दोघांच्या शेजारी बसलो. ती घाबरून सरकली. ओटा वर्गाच्या खिडकीपासून खाली आणि कोपऱ्याच्या पलीकडे आहे. मुलगा आत चांगला खणखणीत वाचत असणार, तो नेहमीच तसे वाचतो. मला वारा ऐकू आला, ओढ्यावर कुणी धुणे आपटत होते ते ऐकू आले. धड्यातले एक अक्षर ऐकू आले नाही.

"मग तुम्ही एवढा वेळ काय करता?" मी त्यांना विचारले.

धाकटी म्हणाली, "पोरं पाटीवर लिवाया लागली की आमी बी कायतरी लिवतो."

मी त्यांना उठवले आणि आत नेऊन पुढच्या रांगेत बसवले. दुपारी अर्धा वर्ग घरी गेला. आज तिसरा दिवस आहे. आत ती दोघे आणि आणखी सहा जण आहेत, तात्यांच्या घरचे कोणी नाही, आणि वर तक्रार गेली आहे असे ऐकतो. काल गराडेला कार्ड टाकले. जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडून शिकायला म्हणून काही विचारले आहे. खुशाली, बाजरी, वहिनींना नमस्कार, यातले काही लिहिले नाही. एवढेच लिहिले, की तुमची माणसे शेडवर परत यायला नक्की किती दिवस लागले, ते उलट टपाली कळव.